इडाबाईंची दोन कपाटं

मंडळाच्या कार्यक्रमात कुणाशी नवी ओळख झाली आणि मी टीबीच्या हॉस्पिटलात नर्स होते हे त्याला कळलं, की तो माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. हातातली वड्याची प्लेट छातीशी धरतो. मग आवाज खाली आणून विचारतो, "पण मग तुम्हाला नाही का कधी झाला?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, इकडे कॅरी गावात मुलाकडे राहायला आले, तरी हा प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही. मी म्हणते, "अजून तरी नाही. वडा गार होतोय, खाऊन घ्या."

आमच्या अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा एकच अट घातली. म्हणाल्या, "मावशी, रडकं नको हं, दिवाळी आहे." आता टीबीच्या वॉर्डाबद्दल लिहायचं आणि रडकं नको म्हणजे लोकांना वाटेल, ही बाई थापा मारणार. पण खरं सांगते, मी त्या वॉर्डात जितकी हसले तितकी पुढे कुठेच हसले नाही. रडलेही, पण ते शेवटी सांगेन.

मी मूळची नगरकडची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले, तिथेच छातीच्या रोगांच्या वॉर्डात काम केलं, मग लग्न झालं आणि नवऱ्यामागे कोलोरॅडोत आले. डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं हॉस्पिटल होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आता ते त्या रूपात उरलेलंही नाही. मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या मेट्रनने विचारलं, "टीबीच्या पेशंटची भीती वाटते का?" मी म्हटलं, "मॅडम, माझ्या देशात बसमध्ये बसलं तरी शेजारी एखादा असतोच. निदान इथे तो औषध घेत असेल." तिने मला तिथल्या तिथे घेतलं.

हे हॉस्पिटल ज्यू लोकांनी बांधलेलं. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून पळून आलेले गरीब ज्यू न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवायच्या कारखान्यांत राबायचे. कोंदट खोल्या, खिडक्या बंद, एकाला खोकला झाला की ओळीने सगळ्यांना. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. डॉक्टर सांगायचे, डोंगरावर जा, कोरडी हवा घ्या. मग हे लोक जमेल तसं तिकीट काढून पश्चिमेकडे यायचे आणि इथे उतरल्यावर त्यांना कुणी दारात उभं करायचं नाही. खोकणाऱ्या माणसाला खोली मिळायची नाही. काही जण स्टेशनच्या आसपासच मरायचे. ते बघून गावातल्या ज्यूंनी आणि देशभरातल्या त्यांच्या भाऊबंदांनी वर्गणी काढून हे सॅनेटोरियम उभं केलं. नियम असा की पेशंटकडून काहीही घ्यायचं नाही. पुढे धर्म विचारणंही बंद झालं. मी नोकरीला लागले तेव्हा त्या ज्यू हॉस्पिटलात ज्यू पेशंट शोधून सापडत नव्हता. मेक्सिकन होते, व्हिएतनाममधून आलेले निर्वासित होते, रेड इंडियन वस्त्यांवरून आलेले होते आणि स्वतःच्या ट्रकशिवाय कुणाशी न बोलणारे गोरे म्हातारे होते.

ऐंशीच्या दशकात देशातली बाकीची सॅनेटोरियमं बंद पडली होती. गोळ्या आल्या होत्या, लोक घरी राहून बरे होत होते. आमच्याकडे यायचे ते ज्यांच्यावर नेहमीच्या गोळ्या चालेनाशा झाल्या आहेत असे. अर्धवट औषध घेतलं की जंतू शहाणा होतो, मग त्याला जुनं औषध लागू पडत नाही. अशांना आम्ही ठेवणीतली औषधं द्यायचो. ती इतकी वाईट असायची की बोलायची सोय नाही. एकाने कान वाजायचे, एकाने डोकं भणभणायचं आणि एकाने तर तोंडाला धातूची चव येऊन अन्नाचा वास सहन व्हायचा नाही.

त्यामुळे माझं अर्धं काम होतं गोळी पोटात गेली की नाही हे बघणं. लोकांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन. आमच्याकडे नर्स म्हणजे फौजदार. "तोंड उघडा. जीभ वर. गाल दाखवा." तरी लोक फसवायचेच. खाणीत काम केलेला एक मिशाळ म्हातारा होता. त्याच्या गोळ्या जायच्या कुठे ते कळेना. तोंड स्वच्छ, हात रिकामे, आणि खिडकीतलं जिरेनियमचं झाड मात्र दिवसेंदिवस सुकत चाललेलं. मी एकदा कुंडी उकरली तर आत गोळ्यांचं पीक. मी त्याला म्हटलं, "या झाडाला टीबी नाही, तुम्हाला आहे." तो म्हणाला, "सिस्टर, निदान दोघांपैकी एक तरी बरा होऊ दे." तोही बरा झाला. झाड मात्र गेलं.

आता इडाबाई. नाव इडा ग्लिक, पण मी पहिल्या दिवसापासून मनात इडाबाईच म्हणत आले. या आमच्या स्वयंपाकघराच्या मालकीण. मालकीण म्हणजे पगारी मुकादम, पण तसं त्यांना कुणी सांगायला जात नसे. वय ऐंशीच्या घरात, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज पार्किंग लॉटपर्यंत. सतराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यातून छातीत टीबी घेऊन त्या या सॅनेटोरियममध्ये आल्या, बऱ्या झाल्या, आणि परत गेल्याच नाहीत. त्या काळात उपचार म्हणजे हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं. उघड्या व्हरांड्यात ओळीने खाटा, हिवाळ्यातही. "सकाळी उठलं की पांघरुणावर बर्फ असायचा," इडाबाई सांगायच्या. "केस विंचरायला बंदी. पत्र लिहायला बंदी. हसायलासुद्धा बंदी, फुफ्फुसाला ताण पडतो म्हणून. आम्ही पोरी तोंडात उशी कोंबून हसायचो."

त्यांचं स्वयंपाकघर ज्यू शास्त्राप्रमाणे चालायचं, ज्याला ते लोक कोशर म्हणतात. त्यातला मुख्य नियम मी लगेच शिकले, कारण शिकले नसते तर जिवंत राहिले नसते. मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. एका पानात नाही, एका टेबलावर नाही, एका भांड्यात नाही. म्हणून तिथे सगळं दोन दोन. दोन कपाटं. एकात लाल काठाची ताटं, ती मांसाच्या जेवणाची. दुसऱ्यात निळ्या काठाची, ती दुधातुपाची. भांडी घासायच्या मोऱ्याही दोन, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. माझी आजी ख्रिस्ती होती तरी शेजारच्या बायकांचं सोवळं-ओवळं तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे मला हे सगळं ओळखीचं वाटायचं. मी एकदा इडाबाईंना म्हटलं, "आमच्या गावातल्या काही घरांत तुम्ही सून म्हणून सहज खपून गेला असता." त्यांना ते आवडलं.

अशा त्या हॉस्पिटलात वंदना आली.

टेक्ससमधल्या अर्विंगहून आली, नवरा मिलिंद गाडी चालवत घेऊन आला. दोघं नागपूरचे, बौद्ध. मिलिंद युनिव्हर्सिटीत शिकत होता. लग्नाआधी वंदनाला टीबी झाला होता, बरं वाटल्यावर औषध सोडलं होतं, आणि इथे मुलगी झाल्यावर तो दुप्पट जोराने उलटला. मुलगी जेमतेम चालायला लागलेली. तिला शेजारच्या एका काकूंकडे ठेवून ही दोघं आली होती. मिलिंदचा विमा असा की वाचायला घेतला तर त्यात सगळ्या रोगांची नावं होती, फक्त "हे मिळणार नाही" या यादीत. तो ऑफिसातून बाहेर आला तो पांढराफटक. मला वंदनाशी मराठी बोलताना ऐकलं आणि म्हणाला, "सिस्टर, ते म्हणतात काहीच द्यायचं नाही. असं कसं? कॅच काय आहे?"

"कॅच असा की बरं होईपर्यंत सोडत नाही," मी म्हटलं.

वंदनाने माझ्याकडे बघितलं, माझ्या छातीवरच्या पट्टीवर 'साळवे' वाचलं, आणि पहिल्यांदा थोडी हसली. आमच्या आडनावांवरून काय ओळखायचं ते आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, तिचे बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले, पण दोघांच्या पणज्यांनी एकाच विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागितलं असणार.

पेशंट म्हणून ती नमुनेदार होती. त्या घाणेरड्या गोळ्यांपैकी एकही चुकवली नाही. गाल दाखव म्हणायच्या आधी दाखवायची. पहिले काही आठवडे तिला खोलीबाहेर यायला बंदी होती, जेवण फेकून द्यायच्या कागदी प्लेटमधून आत जायचं. मग थुंकीत जंतू दिसेनासे झाले. बाहेर फिरायची, जेवणघरात येऊन जेवायची परवानगी मिळाली. पण एका फुफ्फुसाचा वरचा तुकडा पार कामातून गेला होता आणि औषधाला दाद देत नव्हता. डॉक्टरांनी ठरवलं, तो कापून काढायचा. ठेवला तर जंतू तिथे दडून बसणार आणि ही शेवटची औषधंही वाया जाणार. त्याच्या पलीकडे आमच्याकडे काही नव्हतं. सर्जनने सांगितलं, "आधी वजन वाढवा. इतक्या बारीक बाईला मी टेबलावर घेणार नाही."

म्हणजे सगळं आलं जेवणावर. आणि नेमकं जेवणघरात जायला लागल्यावर वंदनाने जेवण सोडलं.

आधी वाटलं औषधाने मळमळतंय. मग वाटलं मुलीची आठवण. फोनवर ती पोर आता शेजारच्या काकूंना "मम्मा" म्हणायला लागली होती, तेही एक कारण असेलच. मी समजावलं, रागावले, खोटं बोलले, सगळे नर्सिंगचे प्रकार करून झाले. ती ताट पुढे सरकवायची आणि म्हणायची, "भूक नाही, सिस्टर." वजनाचा काटा खाली चालला. सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं, आणि दुसऱ्यांदा ढकललं तेव्हा वंदनाने मला सांगितलं, "मिलिंदला फोन करा. मला घेऊन जायला सांगा."

मी तिला जुन्या व्हरांड्यात नेलं. दुपारची वेळ होती, ऊन छान होतं, समोर डोंगर. मी म्हटलं, "जा ना. कोण अडवतंय? पण आत्ता गेलीस तर तुझी मुलगी तुला फोटोतून ओळखेल. तेव्हा मला खरं कारण सांगून जा."

तिने डोंगराकडे तोंड फिरवलं. मग एकदम म्हणाली, "मी नाटक नाही करून राहिले, सिस्टर. तुम्ही साळवे ना? तुम्हाला दिसत नाही? सगळे एका टेबलवर बसतात, मला खिडकीपाशी वेगळं टेबल. सगळ्यांना लाल काठाचं ताट, माझं निळं, दुसऱ्या कपाटातून काढतात. परवा मी म्हटलं, फ्री खातो आहे तर निदान आपलं ताट आपण घासू. मोरीपाशी गेले तर ती म्हातारी ओरडली. ताट हिसकून घेतलं माझ्या हातातून. सगळ्यांसमोर. माझ्या आजीला असंच करत होते, सिस्टर. मला वाटलं होतं अमेरिकेत तरी कुणाला माहीत नसेल." मग खालच्या आवाजात म्हणाली, "कोणी सांगितलं त्यांना? तुम्ही?"

मला आधी हसूच फुटलं. आणि मग तिचा चेहरा बघून ते विरून गेलं. कारण ती म्हणत होती त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. औषधांमुळे तिला मांसाचा वास सोसत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी तिला दूध, चीज, लोणी असं लिहून दिलं होतं. दुपारचं जेवण सगळ्यांना मांसाचं. मग शास्त्राप्रमाणे तिचं ताट निळं, कपाट दुसरं, टेबल वेगळं. आणि ती ते निळं ताट घेऊन मांसाच्या मोरीत घालायला निघाली, तेव्हा इडाबाईंनी किंकाळी फोडली. एखाद्या अमेरिकन पेशंटला वाटलं असतं, म्हातारीचं डोकं फिरलंय. आपल्या माणसाला मात्र काय वाटणार ते ठरलेलंच होतं. गंमत म्हणजे ताटाने टीबी होत नाही, तो हवेतून होतो, हे मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. घरी तिने स्वतःच्या कपावर नेलपॉलिशची खूण करून ठेवली होती, मुलीचं तोंड लागू नये म्हणून. ती खूण पुसून टाक, असंही मी सांगितलं होतं. त्यामुळे वेगळ्या ताटाचं कारण रोग नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मग उरलं एकच कारण.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि इडाबाईंना सगळं सांगितलं. आपल्याकडच्या जातीचं इंग्रजीत समजावणं म्हणजे शिक्षाच. "काही लोकांना आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या भांड्यात वाढायचे," मी म्हटलं. "स्पर्श नको म्हणून. ती त्या लोकांतली आहे. मीही."

इडाबाई स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं बघितलं नव्हतं. "मी तिला तसं वाटायला लावलं?" एवढंच म्हणाल्या. मग ॲप्रनला हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी. "मी इथे आले तेव्हा स्टेशनजवळच्या एका बाईने मला एक रात्र ठेवलं होतं. सकाळी मी ज्या कपातून चहा प्यायले तो तिने माझ्यासमोर दगडावर आपटून फोडला. मला तिचा चेहरा आठवत नाही, कप आठवतो. घेऊन ये त्या मुलीला. आत्ता."

वंदना येईना. मी तिला अक्षरशः दंडाला धरून आणलं. इडाबाईंनी दोन्ही कपाटं सताड उघडी केली. लाल दाखवलं, निळं दाखवलं, मोऱ्या दाखवल्या. मग निळ्या कपाटातलं एक ताट काढून म्हणाल्या, "हे माझं. सकाळी मी यातच खाते. काल तू खाल्लंस त्यातलंच एखादं असेल, मी बघत नाही. दुपारी मांस खाल्लं तर मलाही लाल. माझी आई जिवंत असती तर तिलाही मी त्या मोरीवर ओरडले असते. ताटं अन्नासाठी वेगळी आहेत, मेडेले, माणसासाठी नाहीत." मेडेले म्हणजे त्यांच्या भाषेत पोरी.

वंदनाने ऐकून घेतलं. मला वाटलं संपलं. पण ही नागपूरची मुलगी, आणि शिकलेली. तिने इंग्रजीत शांतपणे विचारलं, "आणि स्वयंपाक? मी इथे काही शिजवलं तर तुम्ही खाल?"

मला ते शास्त्र माहीत होतं आणि मी मनात म्हटलं, मेले. कारण कोशरमध्ये तेही आहे: परक्याने एकट्याने शिजवलेलं चालत नाही. इडाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. मी असते तर बोलले असते.

"नियम आहे," इडाबाई म्हणाल्या. "चूल आमच्यापैकी कुणीतरी पेटवायची. पेटवली की पुढे कुणीही शिजवावं."

"म्हणजे माणसाचंच आहे शेवटी," वंदना म्हणाली.

"थोडंसं आहे," इडाबाई म्हणाल्या. "माझ्या लोकांनी फार जुन्या काळी, फार घाबरलेले असताना ठरवलेलं. ते मी बदलू शकत नाही. काडी मात्र ओढू शकते." आणि त्यांनी काडी ओढून गॅस पेटवला, बाजूला झाल्या, आणि हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "बोल. काय करतेस? मला भूक लागली आहे."

वंदना तशीच उभी होती. ज्वाला जळत होती, वर भांडं नाही. मी मध्ये काही बोलले नाही, आणि माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. मग वंदनाने मराठीत मला विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे तुरीची डाळ आहे?"

माझं घर हॉस्पिटलच्या मागेच होतं. मी धावत जाऊन डाळ, हळद, जिरं आणि हिंग आणलं. इडाबाईंनी डाळ परातीत पसरली आणि किडा-खडा बघायला बोटाने एकेक दाणा सारू लागल्या, अगदी आपल्याकडच्या बायका दारात बसून निवडतात तशा. हळद, जिरं पास झालं. हिंगाच्या डबीवर रब्बींचा, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंचा, कोशर असल्याचा शिक्का नव्हता. त्यांनी ती हुंगली, डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या हातात परत दिली. "हे शास्त्रात असो नसो, माझ्या स्वयंपाकघरात नाही." हिंगाशिवाय वरण कसं होईल यावर वंदनाने वाद घातला. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा कुणाशी भांडली. मी खूष झाले. भांडणारा पेशंट जगतो, हा माझा अनुभव आहे.

इडाबाईंच्या लोण्याचं तूप कढवलं गेलं. वरण-भात झाला. निळ्या काठाची तीन ताटं निघाली. इडाबाई खिडकीपाशी त्या वेगळ्या टेबलावर, वंदनाच्या समोर बसल्या आणि जेवल्या, सगळं जेवणघर बघत असताना. दुसऱ्यांदा मागून घेतलं. वंदनाने पहिला घास खाल्ला, मग दुसरा, आणि मग ती जेवता जेवता रडायला लागली, पण जेवायची थांबली नाही.

त्या दिवसापासून इडाबाईंनी दुपारचं मांस सोडलं. मला म्हणाल्या, वयाला झेपत नाही. रोज निळं ताट घेऊन खिडकीपाशी वंदनाबरोबर बसायच्या. ऑपरेशन झालं, तेव्हा काट्यावर सर्जनला हवं होतं त्याहून जास्तच वजन होतं. सगळी औषधं संपवून वंदना घरी गेली. न्यायला मिलिंद मुलीला घेऊन आला होता. ती पोर आईकडे बघून त्याच्या पायामागे लपली. मग वंदनाने स्वतःच्या ताटातला घास पुढे केला आणि ती येऊन खाऊन गेली. मी तेव्हा इडाबाईंकडे बघितलं तर त्या खिडकी पुसत होत्या.

काही वर्षांनी, त्याच दशकाच्या शेवटी, इडाबाई गेल्या. अंथरुणाला खिळल्या नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. जवळचं नात्याचं कुणी उरलं नव्हतं. मी वंदनाला फोन केला, फक्त कळवायला. तर मिलिंद आणि ती गाडी चालवत आली.

ज्यू लोकांतही दफनानंतर दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, दुसऱ्यांनी जेवण द्यायचं. आपल्याकडे शेजारचे पिठलं-भाकरी आणतात तसंच. त्यांच्यात त्या जेवणात अंडी असतात आणि मसूर. शास्त्राप्रमाणे सुतक धरणारं माणूस नव्हतं, पण म्हातारे रब्बी म्हणाले, "या बाईने या गावाला इतकी वर्षं जेवू घातलं. आपण सगळेच तिचे." तेव्हा जेवण हॉस्पिटलातच करायचं ठरलं. मसूर कोण करणार, म्हणत ते इकडेतिकडे बघू लागले. वंदना म्हणाली, "मी करते." तिने डाळ परातीत ओतली आणि एकेक दाणा निवडला. मग भांडं चुलीवर ठेवून हात मागे बांधून उभी राहिली. रब्बींना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पुढे होऊन काडी ओढली आणि बाजूला झाले. वंदनाने मान हलवली आणि फोडणीला तूप घातलं.

तूप म्हणजे निळं. तिने कुणाला न विचारता डावीकडचं कपाट उघडलं. डॉक्टर, माळी, रब्बी, जुने बरे झालेले पेशंट, सगळे तिच्या हातचं जेवले. हिंग नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिने तो आणलाही नव्हता.

आज ते स्वयंपाकघर नाही. जुनी इमारत पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली, याचं मला वाईट वाटतं. कपाटांचं काय झालं ते मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पण त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. जेवणं झाली, लोक पांगले. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी माझं ताट उचललं आणि इडाबाईंबद्दल काहीबाही विचार करत मोरीकडे निघाले.

"नो! नॉट देअर!"

आवाज थेट पार्किंग लॉटपर्यंत गेला असेल. वंदना धावत आली आणि तिने माझ्या हातातलं निळं ताट हिसकून घेतलं. मी मांसाच्या मोरीपुढे उभी होते. क्षणभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती हसायला लागली, आणि मी रडायला. तिने ताट दुसऱ्या मोरीत नेलं, नीट घासलं, निळ्या फडक्याने पुसलं आणि त्याच्या कपाटात ठेवून दिलं.